अर्ध्या पानाचे टाचण



शाळेची घंटा झाली की मुलांच्या पोटात गोळा येतो, हे आपण सर्वांनी लहानपणी अनुभवलेले आहे. पण त्याच घंटेला शिक्षकाच्याही पोटात गोळा येतो, हे मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. मी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून शिकविले, आणि त्यातली पहिली दोन वर्षे दर सोमवारी सकाळी तो गोळा माझ्या पोटात असे. आज त्याच विषयावर चार शब्द बोलायचे आहेत. शिक्षकाची धास्ती आणि मुलांची धास्ती या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. पहिलीतून दुसरी निघते. आणि तासाची पूर्वतयारी, म्हणजे शाळेच्या भाषेत ज्याला आपण टाचण म्हणतो, ती मनापासून केली तर दोन्ही पुष्कळ उतरतात. शिक्षकबंधुभगिनींना यात फार नवे काही वाटणार नाही. पण गावकरी मंडळींनीही हे ऐकावे अशी माझी इच्छा आहे, कारण यातला काही भाग त्यांच्याच हातात आहे.

१९८८ सालच्या जून महिन्यात मी एका डोंगराळ वाडीवरच्या शाळेत रुजू झाले. तोवर ती शाळा एकशिक्षकी होती. त्याच्या आदल्या वर्षी सरकारने खडू-फळा मोहीम सुरू केली होती, आणि अशा शाळांना दुसरा शिक्षक द्यायचे ठरले होते. ती दुसरी शिक्षिका मी. पहिली-दुसरी गुरुजींकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. खोली एकच, मध्ये लाकडी फळा उभा करून केलेली भिंत. आठवडाभर मी वाडीतच एका घरी राही, शनिवारी दुपारी तालुक्याच्या गावी जाई आणि सोमवारी सकाळच्या एस. टी.ने परत येई. फाट्यावर उतरायचे आणि पुढे अर्ध्या तासाची चढण. शाळेत पाऊल टाकले की परिपाठ, हजेरी, आणि लागलीच गणिताचा तास.

त्या तासाला काय शिकवायचे, हे मी चढण चढताना ठरवीत असे. पुष्कळदा तेही ठरत नसे. मग मी काय करी? प्रश्न विचारीत सुटे. “तू ऊठ, तेराचा पाढा म्हण. तू सांग, नऊ साते किती? लवकर, लवकर!” बाहेरून बघणाऱ्याला वाटावे, बाई काय कसून घेतात! खरी गोष्ट अशी की मी वेळ काढीत होते. मुले उत्तर शोधीत, तेवढ्यात मी पुढे काय करायचे ते शोधीत असे. उत्तर चुकले की मला राग येई. तो राग पुष्कळसा माझा माझ्यावरच असे. पण निघे मात्र मुलांवर.

तिसरीत एक मुलगी होती. बारीक अंगाची, डोळे मोठे, अक्षर सुरेख. ती सोमवारी हमखास गैरहजर. मी हजेरीपत्रकात फुली मारीत होते आणि मनात म्हणत होते, घरी भावंडे सांभाळायला ठेवीत असतील. एक दिवस तिची आजी पाण्याला निघाली असता वाटेत भेटली. म्हणाली, “बाई, सोमवार उजाडला की पोरीच्या पोटात दुखतंया. औषध दिलं, अंगारा लावला. पर ऐतवारी बघावं तर लेकरू चांगलं हुंदडतंया. आन् मंगळवारी आपनहून साळंत येतंय. ह्याला काय म्हनावं?”

आजीने ते साधेपणाने विचारले. तिला माझ्यावर काही ठपका ठेवायचा नव्हता. मला मात्र उत्तर ठाऊक होते. पोरीचे पोट दुखत होते ते माझ्या सोमवारच्या पहिल्या तासाने.

मी गुरुजींपाशी हे बोलले. त्यांची नोकरी वीस वर्षांच्या वर झालेली. उपदेश करण्याची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, “बाई, सोमवारी लवकर या असं मी म्हणणार नाही, एस. टी. काही तुमच्या हातात नाही. शनिवारी जाताना सोमवारचा फळा लिहून जात जा.” एवढेच. तेव्हा माझ्या ध्यानात आले की शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरही गुरुजी तासभर मागे का रेंगाळतात. त्यांच्या बाजूच्या फळ्यावर सोमवारची तारीख, दोन उदाहरणे आणि कोपऱ्यात एक चित्र तयार असे. सोमवारी मुले येत, फळा वाचत, पाट्या काढून आपली आपण कामाला लागत. गुरुजी हजेरी मांडीत. कोणी ओरडत नसे, कोणी रडत नसे. मी आडपडद्याच्या अलीकडे बसून इतके दिवस हे ऐकत होते, पण पाहत नव्हते.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही टाचण काढीत नव्हता काय? काढीत होते हो! वही सुबक, समास आखलेला, शीर्षके तांबड्या शाईने. अध्यापक विद्यालयात आम्हांला पंचपदी पाठ होती. हर्बार्ट नावाचा एक जर्मन तत्त्वज्ञ एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. शिकणाऱ्याच्या मनात नवे ज्ञान जुन्याला कसे जोडले जाते, याचा त्याने विचार केला, आणि त्याच्या शिष्यांनी त्यातून पाठाच्या पाच पायऱ्या तयार केल्या. मूळ विचार फार चांगला होता. पण तो आमच्यापर्यंत आला तो रकाने होऊन. उद्दिष्टे, साहित्य, प्रस्तावना, विवेचन, उपयोजन. मी हे रकाने गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरून काढी, तेही आठवड्याचे एकदम, बहुधा कोणी साहेब येणार अशी कुणकुण लागली म्हणजे. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी वहीला ‘उत्तम’ असा शेरा दिला. त्याच सोमवारी ती मुलगी घरी पोट धरून पडली होती.

म्हणून मी म्हणते की टाचण हे दोन प्रकारचे असते. एक वरिष्ठांना दाखवायचे आणि दुसरे स्वतःला लागणारे. पहिले टाळता येत नाही आणि त्याविषयी मी आज तक्रार करीत नाही. मात्र पहिल्याने धास्ती कमी होत नाही, उलट एक काम वाढते. धास्ती कमी करते ते दुसरे, आणि त्याला वहीचे अर्धे पान पुरते.

या अर्ध्या पानावर काय असावे? एक उदाहरणच सांगते. तिसरीचा वर्ग आहे आणि वजाबाकी शिकवायची आहे: ५२ वजा २७. पाठ्यपुस्तकात रीत दिलेली आहे, ती उतरून घेण्यात काही अर्थ नाही. मी पहिली ओळ लिहू लागले ती अशी, की मुलांना आज काय येते. दशक-एकक कळते, बिनहातच्याची वजाबाकी येते. दुसरी ओळ अशी, की मुले कुठे चुकतील. आणि हीच ओळ सगळ्यात मोलाची. दोन-चार वर्षे ज्याने हा धडा शिकविला आहे त्याला ठाऊक आहे की वर्गातली कितीतरी मुले याचे उत्तर ३५ लिहिणार. का? कारण दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातांतून दोन वजा करते. वरचा आकडा कोणता आणि खालचा कोणता याची पर्वा न करता मोठ्यातून लहान काढायचे, हा त्याचा साधा हिशेब. मूल आळशी नाही, बेफिकीरही नाही. त्याने आपल्या परीने नियम लावला आहे.

ही चूक आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवली म्हणजे काय होते बघा. दुसऱ्या दिवशी पाटीवर ३५ दिसले की मला धक्का बसत नाही. मी चिडत नाही. उलट मनात म्हणते, ये बाबा, तुझीच वाट पाहत होते. आणि माझ्यापाशी उपाय तयार असतो. ज्वारीच्या धाटाच्या काड्या, दहा-दहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. आता मला सत्तावीस काड्या दे. मूल दोन गठ्ठे देते, आणि मग सुट्या सात मागितल्या की अडते, कारण त्याच्यापाशी दोनच आहेत. वर्गात शांतता. मग कोणीतरी म्हणते, “बाई, गठ्ठा सोडू का?” सोड! एवढे त्या मुलाच्या तोंडून निघाले की अर्धा धडा झाला. एक गठ्ठा सुटला, सुट्या झाल्या बारा, त्यातून सात दिल्या, उरल्या पाच आणि दोन गठ्ठे. पंचवीस. आता हेच पाटीवर मांडायचे. पण हे घडायचे असेल तर काड्यांचे गठ्ठे आदल्या दिवशी बांधलेले हवेत. तासाला उभे राहिल्यावर काड्या शोधायला निघालात तर तेवढ्यात वर्ग हातचा जातो.

तिसरी ओळ चौथीसाठी. जोडवर्ग शिकविणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. मी तिसरीला वजाबाकी शिकवीत असता चौथी काय करणार? हे ठरलेले नसले तर चौथी दंगा करणार, मी तिसरीला सोडून चौथीवर ओरडणार, आणि दोन्ही वर्गांचा तास वाया जाणार. तेव्हा चौथीला वीस मिनिटे पुरेल असे काम, त्यांना माझ्याकडे विचारायला यावे लागणार नाही असे, आणि ज्याचे लवकर होईल त्याला पुढचे काय, हे नेमके लिहायचे. माझ्या टाचणात जो वर्ग मी शिकवीत नाही त्याच्याविषयीच कधी कधी जास्त लिहिलेले असे.

आणि शेवटची ओळ: वेळ कमी पडला तर काय गाळायचे. नवशिक्या शिक्षकाला हे फार कठीण वाटते. त्याला सगळेच महत्त्वाचे वाटते. पण आपण आदल्या दिवशी गाळले नाही तर घंटा गाळते, आणि ती नेमका शेवटचा, समजले की नाही ते पाहण्याचा भाग गाळते. मी लिहून ठेवी, ‘वेळ न उरल्यास शाब्दिक उदाहरण उद्या, पण प्रत्येकाने एक तरी गठ्ठा स्वतः सोडलाच पाहिजे.’ मग घाई करावीशी वाटत नसे. घाई गेली म्हणजे आवाजही खाली येतो.

प्रश्न विचारण्याविषयी थोडे बोलते, कारण माझे पाप तिथेच होते. मेरी बड रो नावाच्या एका अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात पुष्कळशा वर्गांतले तास ध्वनिमुद्रित करून तपासले. त्यांना असे आढळले की शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतो. मग दुसऱ्याला विचारतो, नाही तर स्वतःच उत्तर सांगून मोकळा होतो. तोच शिक्षक तीन सेकंद थांबू लागला तर मुलांची उत्तरे लांब होतात, न बोलणारी मुले बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ असे म्हणणे कमी होते. तीन सेकंद म्हणजे काय हो? एक आवंढा गिळण्याइतका वेळ. पण तयारी नसलेल्या शिक्षकाला ते तीन सेकंद तीन तासांसारखे वाटतात, कारण त्या शांततेत त्याला स्वतःचे रिकामेपण ऐकू येते. पुढे काय विचारायचे हे समोर लिहिलेले असले तर थांबता येते. मी हे संशोधन वाचले ते पुष्कळ उशिरा. पण वाचण्यापूर्वीच माझ्या अर्ध्या पानाच्या समासात मी एक शब्द लिहू लागले होते: ‘थांब’.

दुसरी गोष्ट उजळणीची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले विसरणे पहिल्या काही तासांत व दिवसांत सर्वात वेगाने होते, मग तो वेग मंदावतो, असे त्याला दिसले. आपण वर्गात काय करतो? धडा एकदा शिकवितो आणि दोन महिन्यांनी चाचणीत विचारतो. मुलाला आठवत नाही, आपण म्हणतो लक्ष नव्हते, आणि दोघेही कष्टी होतो. त्यापेक्षा रोजच्या तासाची पहिली पाच मिनिटे कालच्या, गेल्या आठवड्याच्या आणि गेल्या महिन्याच्या एकेका उदाहरणाला द्यावी. ती टाचणात लिहिलेली असली तरच दिली जातात. नाही तर ‘आज राहू द्या, उद्या बघू’ असे वर्ष निघून जाते.

आता दिवसाकडून वर्षाकडे वळू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास असे मान घालून दिले आहे. त्यातच असेही आहे की शिक्षकाचे आठवड्याचे काम किमान ४५ तासांचे, आणि त्या ४५ तासांत तयारीचे तास धरलेले आहेत. म्हणजे तयारी ही घरी जेवणे आटोपल्यावर, मुले निजल्यावर करायची उसनवारी नव्हे; ती कायद्याने कामच आहे. पुष्कळ शाळांत ते तसे मानले जात नाही, ही निराळी गोष्ट.

दोनशे दिवस ऐकायला भरपूर वाटतात. जरा हिशेब करू. रोज गणिताची एक तासिका धरली तर दोनशे तासिका. त्यातून चाचण्या काढा, सहल आणि स्नेहसंमेलन काढा, ओढ्याला पूर आल्याने मुले न पोहोचलेले दिवस काढा, शिक्षक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला गेले ते दिवस काढा. त्या कामांना हा कायदाही मोकळीक देतो. असे चाळीस दिवस गेले असे समजा. उरल्या एकशे साठ. उजळणीला तीस ठेवा. नवे शिकवायला हाती राहिल्या एकशे तीस. जूनमध्ये हा हिशेब मांडला नाही तर तो फेब्रुवारीत आपोआप मांडला जातो, आणि मग एका आठवड्यात तीन प्रकरणे मुलांच्या डोक्यावरून जातात. वार्षिक नियोजनाचा तक्ता प्रत्येक शाळेत भिंतीवर असतो. माझे म्हणणे एवढेच की त्यात रिकामे आठवडे सोडावेत. शेतकरी जसे सगळेच बी एका पावसावर टाकीत नाही, दुबार पेरणीची वेळ आली तर थोडे मागे ठेवतो, तसे.

आणि हे वर्ष गावाच्या वर्षाशी जुळायला हवे. भात लावणीच्या दिवसांत आमच्या वाडीत चौथीची मुले निम्मी नसत. पहिल्या वर्षी मी नेमका भागाकार तेव्हा काढला. लावणी संपून मुले परत आली, ती पार गोंधळलेली. दुसऱ्या वर्षी तो पंधरवडा मी उजळणीला आणि मोजमापाला दिला. पुढे काही वर्षे मी ऊसतोडणी कामगारांच्या गावात होते. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे कारखान्यांकडे जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. हल्ली हंगामी वसतिगृहे आहेत, तरी काही मुले आईबापांबरोबर जातातच. अशा शाळेत जूनपासून दिवाळीपर्यंतचे चार महिने हेच काही मुलांचे सगळे वर्ष. ज्याच्यावाचून पुढचे अडते ते सारे त्या चार महिन्यांत आले पाहिजे. आणि मूल निघाले की त्याच्या दप्तरात एक चिठ्ठी: याचे इथवर झाले आहे, हे अर्धे राहिले आहे. परत आलेल्या मुलाला ‘तू फार मागे पडलास’ असे ऐकवण्याऐवजी कुठून सुरू करायचे ते शिक्षकाला ठाऊक असते. त्या मुलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळेचा दिवस बेतायचा, हा विचार काही माझा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात, जो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी हे करून दाखविले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा गुरांमागे कुरणात न्यायची. त्यांची कुरणशाळा ती हीच. मुले का येत नाहीत असे विचारण्याआधी त्यांचा दिवस कसा जातो हे त्यांनी पाहिले. आम्हां मागून आलेल्यांना एवढे धाडस जमले नाही, पण निदान लावणीत भागाकार काढू नये एवढे कळले.

याच ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करीत होत्या. गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. त्यातला शिक्षक पहिल्या दिवशी वर्गात जातो तो मोठी योजना मनात आखून. मुलांना शांततेचा खेळ शिकवायचा. आणि ती योजना पहिल्याच दिवशी साफ फसते. मुले गोंधळ घालतात. तो वैतागत नाही, मुलांना सोडून देतो, रात्री पुन्हा विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. ही गोष्ट मी एवढ्यासाठी सांगितली की टाचण केले म्हणजे तास तसाच होईल असे नाही. माझे दर चार टाचणांतले एक तरी फसत असे. पण फसलेल्या टाचणावरही रात्री दोन ओळी लिहिता येतात: काय अडले, उद्या काय बदलायचे. ज्याने काहीच योजले नव्हते त्याला आपले काय फसले हेही कळत नाही. त्याच्यापाशी नुसता थकवा उरतो.

आता मोठ्या शाळांविषयी थोडेसे. पाचवी ते आठवीला विषयवार शिक्षक असतात. गणिताचे सर म्हणतात, दहाच उदाहरणे दिली. इंग्रजीच्या बाई म्हणतात, एकच निबंध. विज्ञानाचे सर म्हणतात, दोनच आकृत्या. सगळे खरे बोलतात. पण ते सगळे मंगळवारीच दिलेले असते. मूल रात्री कंदिलाजवळ, आता वीज आली म्हणून दिव्याखाली म्हणू, बसते आणि झोपेने पेंगते. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या शालेय दप्तर धोरणात सांगितले आहे की दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, आणि सहावी ते आठवीला दिवसाला तासाभराहून जास्त नको. हे पाळायचे तर शिक्षकांच्या खोलीत एक कागद लावला म्हणजे पुरे. आज कोणी किती गृहपाठ दिला ते प्रत्येकाने त्यावर लिहायचे. दुसरा येणारा तो कागद पाहून हात आखडता घेतो. चाचण्यांचेही तसेच, आठ दिवस आधी तारीख सांगितलेली चाचणी आणि अचानक ‘वह्या मिटा, कागद काढा’ अशी चाचणी, यांत मुलाच्या मनाला पडणारा फरक आपण स्वतःच्या तपासणीवरून ओळखावा. साहेब न सांगता आले म्हणजे आपले काय होते?

दप्तराच्या ओझ्याची चर्चा आपल्याकडे फार होते. पण १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने आपल्या अहवालात म्हटले होते की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक वाईट आहे. मला ते पटते. ती मुलगी डोंगर चढून शाळेत येई, दप्तराने ती वाकली नव्हती.

गावकरी मंडळींना आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, कुठे गावाला जायचे असेल, लग्नाला, वारीला, तोडीला, तर शिक्षकांना आधी सांगा. “पोरगं चार दिस न्हाई येणार,” एवढा निरोप आला तरी शिक्षकाला पाठ पुढे-मागे करता येतो. दुसरी, मूल शाळेतून आले म्हणजे “किती मार्क पडले?” याच्याऐवजी “आज काय केलंत?” असे विचारा. मूल काड्यांची गोष्ट सांगू लागेल. त्याला सांगता आले तर समजावे की त्याला कळले. नाही आले तर रागावू नका. शिक्षकांच्या कानावर घाला. निरक्षर आजीने माझ्या कानावर घातले, म्हणून मी सुधारले.

मी हे सारे सांगते आहे, पण टाचणाने सगळे प्रश्न सुटतात असे माझे म्हणणे नाही. जिथे चार वर्गांना एकच शिक्षक आहे, जिथे दुपारच्या खिचडीचा तांदूळ मोजण्यापासून मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंतची कामे त्याच्याच माथी आहेत, तिथे त्याला ‘तुम्ही नीट नियोजन करा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत, आणि ते वरच्यांचे काम आहे. तसेच हल्ली तयार टाचणे विकत मिळतात, मोबाइलवर येतात, यंत्रही लिहून देते. ती वहीत उतरली की वही भरते. पण माझ्या वर्गातले मूल ३५ का लिहिणार हे त्या टाचणाला ठाऊक नसते. तेवढी एक ओळ तरी ज्याची त्यानेच लिहायला हवी.

नव्या शिक्षकांना मी सगळे एकदम करा असे सांगत नाही. आठवड्यातला एकच तास धरा, ज्याची तुम्हांला सर्वांत धास्ती वाटते तो. माझा सोमवारचा पहिला होता. मी शनिवारी शाळा सुटल्यावर दीड वाजताच्या एस. टी.पर्यंत बसू लागले. अर्धे पान लिहायला पंचवीस मिनिटे लागत, पुढे पंधरा. मग फळा पुसून सोमवारची तारीख घाली, दोन उदाहरणे लिही, आणि उजव्या कोपऱ्यात, सोमवारी आपण काय करणार आहोत ते मुलांच्या भाषेत एका ओळीत लिही.

दोन-तीन आठवडे असे गेले. ती मुलगी एका सोमवारी आली. पुढच्या सोमवारी नाही आली, त्याच्या पुढच्या सोमवारी आली. मी काही बोलले नाही. मग एका शनिवारी सगळी मुले पांगल्यावर मी फळा लिहीत होते, तर ती दाराशी उभी. दप्तर पाठीला, धाकटा भाऊ कडेवर. मी लिहून बाजूला झाले. तिने कोपऱ्यातली ओळ बोट न लावता, ओठ हलवीत वाचली. “बाई, सोमवारी गठ्ठे सोडायचे?”

“हो.”

“मग मी घरनं काड्या आनू का?”

मी म्हटले, आण. ती भावाला सावरीत उतारावरून पळत गेली, आणि माझी एस. टी. त्या दिवशी चुकली.